मंदाताईच्या पदराची गाठ

मंदाताई गेल्याचा फोन सकाळी साडेनऊला आला. आमच्या पेपरच्या बीड कार्यालयात तेव्हा दिवसभराच्या बातम्यांची यादी चालू होती. ताईच्या शेजारच्या सुमनबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. ताई अंगणात पडली, आणि मनू तिच्या पदराला बांधलेलीच होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

मंदाताई माझी थोरली बहीण, राहायला चौसाळ्यात. मनू तिची मुलगी, आता चौदा वर्षांची. मनूला स्वमग्नता आहे. ती बोलत नाही, आणि दार उघडं दिसलं की थेट हायवेकडं चालू लागते. म्हणून ताई पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधूनच भाकरी थापायची, धुणं धुवायची, बाजाराला जायची. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मनूला कारखान्यावरच्या झोपडीवजा कोपीत सांभाळणं जमेना, तेव्हापासून दाजी एकटे जात. "माझ्यापायी ह्यांचा अर्धा कोयता झाला," असं ताई म्हणायची. 'मनूपायी' असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या पुरवणीत मी तिच्यावर लिहिलं. मथळा दिला, 'न थकणारी आई'. त्या गाठीवर एक अख्खा परिच्छेद होता. दाजींनी कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं. पुढं ताई जरा कंबर धरून बसली, की सासू फ्रेमकडं बोट करायची, "पेपरात तर लई कौतुक हाय तुझं. आन् बसलीस काहून?" चेष्टाच असायची ती...

एकदा जेवायला गेलो, तर दारातच म्हणाली, "आलास का पेपरवाल्या? आज फोटू न्हाई ना काढायचा? तोंड बी धुतलं न्हाई मी." मग भाकरी वाढताना म्हणाली, "तू लिवलंस न थकणारी. आता थकायची पंचाईत झाली बघ." मी हसलो. तीही हसली.

मागच्या दिवाळीनंतर तिनं पहिल्यांदा काही मागितलं. "आठ दिस मनूला ठिवून घेतोस का? मला कुटं जायचं न्हाई. घरीच झोपते." रक्तदाबाच्या गोळीनं गुंगी येते आणि गुंगीत मनू निसटेल, म्हणून गोळी बंद केली, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. मी म्हणालो, निवडणुका होऊ देत. निवडणुका झाल्या, निकालही लागले. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मीही नाही.

तेराव्यानंतर मनूला आम्ही आमच्या घरी आणलं. सोबत ताईची एक साडी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनूनं दांडीवरून त्या साडीचा पदर ओढला, टोक माझ्या हातात दिलं आणि मनगट पुढं करून उभी राहिली. मी गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, तर काचली. तिनं हात झटकला. दिवसभर काचायची नाही आणि ओढली तरी सुटायची नाही, अशी ती गाठ ताई कशी मारायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या त्या परिच्छेदातही ते नाही.

मनू अजून रोज सकाळी मनगट पुढं करते.