टिकलीचा सांधा

प्रयोगशाळेत येणाऱ्या नळ्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कोणती कोणाची ते कळू नये म्हणून ही सगळी उठाठेव. पण तिथे तपासणी करणाऱ्या धाकटीला समोरची नळी कोणाची ते पक्कं माहीत होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीची, टिकलीची.

त्याचं असं आहे. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवायची म्हणून काही पांढऱ्या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापतात आणि नव्याने जोडतात. दर पेशीचा सांधा वेगळा. त्यातली एखादी बिघडून वारेमाप वाढली, की रक्ताचा कर्करोग होतो, आणि तिच्या साऱ्या पिलावळीत तोच सांधा सापडतो. टिकलीचा सांधा धाकटीनेच शोधला होता. उपचारानंतर तो कुठे उरलाय का, हेही दर खेपेला तीच बघायची. नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. पण दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजेना, म्हणून धाकटीबाईंनी नातंच लपवलं.

आज पडद्यावरची रेघ वर चढली, म्हणजे सांधा सापडला. पडताळ्यासाठी ठेवलेली नुसत्या पाण्याची नळी कोरी होती, म्हणजे भेसळ नव्हती. तिने पुन्हा करून पाहिलं. रेघ पुन्हा चढली. आजार परतला होता.

बोलायची तर सोय नव्हती. थोरलीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती तडक डॉक्टरांकडे धावली असती. मग नातं उघडं, तपासणी रद्द आणि नव्या नमुन्यासाठी टिकलीच्या कमरेच्या हाडात पुन्हा सुई. गेल्या वेळी चौघांनी धरलं होतं पोरीला. त्यापेक्षा परवा डॉक्टरच सांगतील, उपचारही लगेच सुरू होतील. तोवर फक्त गप्प राहायचं होतं.

थोरली खाली कँटीनमध्ये बसली होती.

"ये गं, चहा निवतोय. ह्या क्लिपा बघ. केस येतायत ना आता तिचे!"

"छान आहेत."

"झालं तपासून?"

"मला सांगता येत नाही, माहितीये ना तुला?"

"नको सांगूस," थोरली हसली. "मला कळतं. वाईट काही असतं तर तू अशी माझ्यासमोर बसूच शकली नसतीस."

धाकटीला उठून पळून जावंसं वाटत होतं. आता तर उठताही येईना.