नावानं आवतण, त्याला पाट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, देवापुढेही कधी पुटपुटले नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

झाशीत, नगरा भागातल्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. चौथी-पाचवीची पोरं. कुठलं अक्षर मोठं काढायचं आणि कुठलं लहान, यावर दरवर्षी माझं डोकं उठायचं. विशेषनाम, सामान्यनाम — घसा कोरडा पडेपर्यंत सांगावं, आणि पोरांनी झाशीला लहान जे देऊन शहराला मोठा सी बहाल करावा!

एकदा घरी वह्या तपासताना मी अशीच करवादले. शालिनीवहिनी — माझ्या मोठ्या जाऊबाई — तिथेच सवाष्णीच्या जेवणाची पानं मांडत होत्या. त्यांची शाळा आठवीत सुटलेली, पण माझ्या वह्यांत डोकावायची भारी हौस. पाट ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, त्यात काय! नावानं आवतण, त्याला पाट. बाकीची पंगत सतरंजीवर. बेतवेला पाट, नदीला सतरंजी."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच सांगितलं, पाटाचा पीढ़ा आणि सतरंजीची दरी करून. पोरं पेटलीच! "मॅडमजी, टहरौली को पीढ़ा, गाँव को दरी!" महिन्याभरात वह्या सुधारल्या. इतर शिक्षक विचारायला लागले, ही युक्ती कुणाची? मी नुसती हसायचे. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे — नाही का?

मग माझ्या निवृत्तीचा समारंभ झाला. हेडमास्तरांनी त्या पीढ़्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ये आपको सूझा कैसे?" वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. ठेवणीतली जांभळी साडी, किंचित पुढे झुकून बसलेल्या. त्या कशाची वाट पाहत होत्या, ते मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. शालिनी — तीन अक्षरं. तेवढीच उच्चारायची होती. पण आठवी शिकलेल्या जावेनं इंग्रजीच्या मास्तरणीला शिकवलं, हे एवढ्या लोकांत सांगायचं? मला लाज वाटली. हो, लाजच. मी माईकवर म्हणाले, "बस, पढ़ाते-पढ़ाते सूझ गया।" टाळ्या पडल्या. वहिनींनीही वाजवल्या.

रिक्षात त्या म्हणाल्या, "छान बोललीस हो." टोमणा नव्हता. त्यांना टोमणे मारताच येत नाहीत, हीच तर माझी पंचाईत. या बाईवर माझा किती जीव आहे, काय सांगू! माझ्या दोन्ही बाळंतपणांतले डिंकाचे लाडू त्यांच्या हातचे. माझ्या पोरांना मराठी बोलता येतं, ते त्यांच्यामुळे. आणि तरीही मी —

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेले, तर एकच पाट मांडलेला, भोवती रांगोळी. श्रीखंड केलेलं. बाकी सगळे सतरंजीवर, त्या स्वतःसुद्धा.

"ये, नंदिनी," त्या म्हणाल्या, "आज मान तुझा."

एरवी त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडलं असतं, तरी चाललं असतं. घरचीच तर माणसं होती.

मी पाटावर बसले. श्रीखंड दोनदा मागून घेतलं.