पायऱ्यांच्या भिंतीचा बंगला

मेढ्याजवळच्या आमच्या गावात स्कॉटलंडच्या एका साहेबानं बंगला बांधला होता. काळ्या दगडाचा, उतरत्या कौलांचा, कोपऱ्यात टोकदार टोपीचा गोल बुरूज. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती छपराच्याही वर चढलेल्या आणि त्यांच्या कडांना जिन्यासारख्या दगडी पायऱ्या. साहेबानं आपल्या गावाकडच्या घराचं चित्र दाखवलं आणि आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ऐन विशीत आपल्या वडलांबरोबर ते दगड घडवले.

साहेब गेला. बंगला बरीच वर्षं रिकामा पडला. साठ सालानंतर फलटणकडच्या एका बागायतदारांनी तो उन्हाळ्यात राहायला म्हणून विकत घेतला आणि दुरुस्तीसाठी सांगलीहून एक तरुण इंजिनिअर आणला. मी तेव्हा कोरेगावला शाळेत शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले होते. छप्पर गळतं म्हणून भिंतीवरच्या पायऱ्या उतरवणार असं कानावर आलं, तसे आबा उठले. मीही त्यांच्यामागून गेले.

"आवं सायेब, पायऱ्या गळत न्हाईत," आबा म्हणाले. "कौलं भिंतीला भिडत्यात तिथं शिशाचा पत्रा हुता. बंगला वस पडला तवा कुणीतरी उपटून न्हेला. तेवढा बसवा."

इंजिनिअर हसला. "बाबा, हे काम स्कॉटलंडच्या कारागिरांचं. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"हे ह्यांनीच बांधलंय!" मी म्हटलं.

"असतील तेव्हा इथं. पाणी वाहायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबा मात्र माघारी वळले. चार दिवसांत सगळ्या पायऱ्या पहारीनं उचकटून अंगणात टाकल्या आणि भिंतीच्या माथ्यावर सिमेंट थापलं.

आषाढात सिमेंटला भेगा पडल्या. उघड्या भिंतीच्या पोटात पाणी शिरलं आणि दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या वरून धार लागली. बागायतदारांचा माणूस आबांना बोलवायला आला. त्या रविवारी मी घरीच होते.

"जायचं न्हाई आबा," मी म्हटलं. "त्यांना म्हणावं, आणा आता स्कॉटलंडचा कारागीर."

आबांनी घोंगडी डोक्यावर घेतली. "भिंत भिजतीया पोरी. तिनं काय केलंय?"

पाऊस ओसरेपर्यंत त्यांनी माथा झाकून ठेवला. उघडीप पडल्यावर दोन गडी हाताशी घेऊन अंगणातला एकेक दगड ओळखला. कुठला कितव्या पायरीचा, हे त्यांना न मोजता सांगता येत होतं. शिशाचा पत्रा साताऱ्याहून मागवून बसवला. सत्तरीचा माणूस दिवसदिवस बांबूच्या परांचीवर उभा असायचा.

दिवाळीनंतर वास्तुशांत झाली. जेवणापूर्वी बागायतदार पाहुण्यांना बंगला दाखवत होते. इंजिनिअर शेजारीच होता. "ही पायऱ्यांची भिंत पाहा," बागायतदार म्हणाले. "साहेबानं कारागीर बोटीनं आणले होते. आपल्या माणसांच्या हातून असलं काम व्हायचं नाही."

आबा व्हरांड्याच्या कडेला बसलेले होते. ज्या हातांनी आठ दिवसांपूर्वी शेवटचा दगड बसवला, ते हात मांडीवर ठेवून ऐकत होते. इंजिनिअर तर सगळं जाणून होता. तो बुरजाकडे बघत राहिला.

"बोट आली नव्हती," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "कारागीर याच गावचे होते. त्यातले एक इथं बसलेत. महिनाभर तुमच्या भिंतीवर ते चढत होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

मग बागायतदार हसून म्हणाले, "बाई मास्तरीण आहेत. चुका काढायची सवय."

पाहुणे हसले आणि पानं मांडली जाऊ लागली. मी आबांचा हात धरून त्यांना उठवलं. आम्ही न जेवता फाटकाबाहेर पडलो.

वाटेत मी रागानं रडत होते. "तुमी का गप बसलात?"

"भूक लागली हुती गं," आबा म्हणाले. "जेवण झाल्यावर बोलणार हुतो."

मला तेव्हा हसू आलं नाही. ते खरंच बोलले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. आबा गेल्यावर एकदा मी त्या वाटेनं गेले, तर फाटकाशी संगमरवरी पाटी लावलेली दिसली. तिच्यावर साहेबाचं नाव होतं, बागायतदारांचं होतं, इंजिनिअरचंही होतं.