चुन्याचं घर

आमच्या घराला भिंती नव्हत्या, पण त्या ओलांडलेल्या ह्यांना खपत नसत. "अगं, भिंत आहे!" असं ओरडायचे. मग मी चार पावलं मागे यायचं, दारातून आत शिरायचं आणि मगच जेवणाचा डबा उघडायचा. हे सगळं भर दुपारी, नोएडाच्या उघड्या माळावर, मोहरीच्या शेताशेजारी. वेडेपणाच, दुसरं काय!

हे म्हणजे मुरलीधर, माझा नवरा. दिल्लीत सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. मोठ्या साहेबांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचे. बंगल्याच्या मागे नोकरांची खोली असायची, आठ बाय सात. हे ती गुपचूप अर्धा फूट वाढवायचे, दोन्हीकडून. इतक्या वर्षांत एकाही साहेबाच्या लक्षात आलं नाही. मलासुद्धा सांगितलं ते लग्नाला बारा वर्षं झाल्यावर.

ह्यांचे वडील सांगलीला एका वकिलांकडे स्वयंपाकी होते. पाच जणांचं बिऱ्हाड वकिलांच्या जिन्याखाली. मान वर केली की पायरी लागायची. तेव्हापासून हे अंग चोरून बसायला शिकले ते शिकलेच. रामकृष्णपुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्येही खुर्चीच्या कडेवर बसायचे. "अहो, नीट टेकून बसा की," मी करवादायची. "आपलं कुठे आहे ते," म्हणायचे. मला असा राग यायचा! पण खोटं नव्हतं. नोकरी संपली की किल्ली परत करायची होती.

ब्याण्णव साली लॉटरीत आमच्या नावाने नोएडात प्लॉट लागला. तेव्हा सगळी दिल्लीच अर्धवट झोपेत स्वप्न बघत चालल्यासारखी वाटायची. रोज नवी गाडी, नवा चॅनेल, यमुनेपलीकडे नवा सेक्टर. आमच्या वाट्याला त्यातला शंभर मीटरचा तुकडा आला. प्लॉटच्या हद्दीची खुंटी दाखवायला एक माणूस आला होता, त्याला ह्यांनी परत पाठवलं. "नकाशा वाचण्यात हयात गेली माझी, तो काय दाखवणार मला?" गल्ली नव्हती, दिवे नव्हते, नुसत्या खुंट्या. हे कागद हातात धरून मोजत गेले आणि होणाऱ्या बागेसमोरच्या तुकड्यावर थांबले. "कुमुदिनी, हे आपलं," म्हणाले. इतकं हळू म्हणाले, की मी पुन्हा विचारलं.

पुढच्या रविवारी त्यांनी चुन्याची फक्की आणली आणि जमिनीवर घर आखलं. ओसरी, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, देवघर, आत दोन खोल्या. दारं, खिडक्या, सगळं मापात. मग सात वर्षं, सणवार सोडले तर, दर रविवारी दोन बस बदलून आम्ही आमच्या घरी जात होतो. चपला रेघेबाहेर काढायच्या. मृणाल, आमची लेक, तेव्हा सहा वर्षांची. ती हवेत मूठ आपटून तोंडाने "टक टक" करायची आणि हे आतून "कोण आहे?" विचारायचे. "बाबा, ओसरी मतलब?" तिने एकदा विचारलं. ह्यांनी तिला ओसरीवर पाय लांब करून, कोपरावर रेलून बसून दाखवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांचे पाय पूर्ण लांब झालेले मी तिथे पहिल्यांदा पाहिले.

थंडीच्या दिवसांत मी आतल्या खोलीत सतरंजीवर पडायची. धुकं विरून ऊन अंगावर यायचं, डोळे मिटायचे, आणि शप्पथ सांगते, मला स्वयंपाकघरातल्या नळाचं टपटपणं ऐकू यायचं. "नळ बंद करा हो," असं झोपेत म्हणालेही होते एकदा. हे उठले आणि बंद करून आले! मागच्या अंगणात मी कढीलिंब लावला होता. तो माझ्या खांद्याला लागला, तेव्हा ह्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. आता खरा पाया घालायचा, असं ठरलं.

पायाआधी रीतसर मोजणी लागते, म्हणून मोजणीवाला आला. त्याने फीत लावली, कागद फिरवला आणि म्हणाला, "अंकल जी, ये प्लॉट आपका नहीं है."

ह्यांच्या ऑफिसात नकाशावर उत्तर दिशा नेहमी वर. सवयच ती. ह्या कागदावर उत्तर खाली होती. कोपऱ्यातला उत्तर दाखवणारा चिमुकला बाण ह्यांनी पाहिलाच नव्हता. शिकाऊ पोराने पाहिला असता! आमचा प्लॉट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याजवळ होता. सात वर्षं आम्ही परक्याच्या जागेत नांदत होतो.

तो परका म्हणजे फरीदाबादचे कारखानदार सेठी. लांबलचक गाडीतून आले, बरोबर एक मॅनेजर. ह्या एका गल्लीत त्यांचे चार प्लॉट होते आणि एकही त्यांनी कधी बघितला नव्हता. आमचा एकच, तोही आम्ही चुकलो. बुटांसकट ते आमच्या देवघरातून आरपार चालत गेले. माणूस वाईट नव्हता हो. "पेड आप ले जाइए, भाभी जी," म्हणाले. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाल्याकडचे दोन माझेच आहेत, मधला तुमचा. मलाच द्या. चांगला भाव देतो."

सेठींसमोर हे पुन्हा अंग चोरून उभे होते. "देतो," म्हणाले.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. "देतो काय? मला विचारलंत?" हे खुर्चीच्या कडेवर बसून होते. "कुमुदिनी, ज्याला स्वतःची जागा ओळखता येत नाही, त्याने घर कशाला बांधावं? भाड्याच्या दोन खोल्या बघू." ओरडले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे म्हणाले, आणि मला वकिलांकडचा तो जिना दिसला.

पुढच्या रविवारी दुपारी सेठींचा मॅनेजर कागद घेऊन प्लॉटवर येणार होता. मी पहाटेच उठले. "मंदिरात जाते," अशी थाप मारली आणि फक्कीची पिशवी घेऊन एकटीने दोन बस बदलल्या. नाल्याचा वास येत होता, येऊ दे. पलीकडे शेतावर धुकं होतं, ते मात्र तिथूनही तसंच दिसत होतं. मला कुठली मापं कळतात! पावलं मोजली आणि आखत सुटले. आधी ओसरी. मग बाकीचं, जसं जमेल तसं. रेघा गाईच्या वाटेसारख्या वाकड्या आल्या. देवघर राहूनच गेलं होतं, ते कोपऱ्यात घुसवलं. पदराने हात पुसले आणि ओसरीवर जाऊन बसले.

दुपारी हे आले, मागोमाग मॅनेजर. हे रेघांपाशी थबकले.

एकेका रेघेवरून नजर फिरवत गेले. मग म्हणाले, "स्वयंपाकघराचं दार चुकलंय. उघडलं की ओट्यावर आपटेल."

"मग या ना, नीट करा," मी म्हणाले.

त्यांनी खाली वाकून चपला काढल्या, रेघेबाहेर, जोडीने. दारातून आत आले. माझ्याशेजारी बसले आणि हळूहळू पाय लांब केले.

मॅनेजर कागदांची फाइल उघडत सरळ भिंतीवरूनच आत यायला निघाला. ह्यांनी हात वर केला. मोठ्या साहेबांच्या पुढे कधी निघाला नव्हता तसा आवाज निघाला.

"जूते उधर उतारिए. घर है."