काकांच्या उंचीचं दार

काकूंचा फोन आला तेव्हा मी साइटवर कॉन्ट्रॅक्टरवर डाफरत होते. "अगं, हे गेले," एवढंच म्हणाल्या. माझ्या मनात पहिलं काय यावं? काकांचा रुसवा काढायचा राहूनच गेला...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ठाकूरद्वारच्या आमच्या दुमजली घरातले शेवटचे रहिवासी. जिना चढवेना तेव्हा त्यांनी घर हॉटेलला भाड्याने दिलं. काम मात्र आर्किटेक्ट पुतणीलाच द्यायचं, ही त्यांची अट. सागवानी खांब, कोरीव कठड्याची गॅलरी, रंगीत काचांची तावदानं, मी कशालाच धक्का लागू दिला नाही. अपवाद माजघराच्या दाराचा. ते इतकं बुटकं, की सहा फुटी काका जन्मभर त्यातून वाकून गेले. गिऱ्हाइकांची टाळकी फुटतील म्हणून मी चौकट वीतभर उंच केली. काकांना विचारलंही नाही. माझा आगाऊपणा, दुसरं काय.

उद्घाटनाला सकाळीच काका आले. त्या दारात सवयीने वाकले, थबकले, वर पाहिलं.

"दार उंच केलंस?"

"हो, काका."

बस्स. पुढ्यातली बटाटवड्याची बशी त्यांनी हळूच बाजूला सारली, घोटभर पाणी प्यायले आणि निघून गेले. मी जाम दुखावले... पण मीही त्यांचीच पुतणी, विचारायला गेले नाही. पुढे दोन वर्षं लग्नकार्यात भेटलो की त्यांच्या गुडघ्यांवर तेवढं बोलायचो.

परवा, ते जाऊन महिना झाल्यावर, काकूंना तिथेच जेवायला नेलं. राहवेना, म्हणून विचारलंच, "काका त्या दिवशी रागावले होते ना?"

काकू बघतच राहिल्या. "रागावतात कसले? सोमवार होता गं तो. घराला काही न होता तुझं काम पार पडू दे, म्हणून सोमवार धरले होते त्यांनी. नवस बोलून दाखवू नये म्हणून तुला सांगितलं नाही. आणि दाराचं म्हणशील तर घरी येऊन म्हणाले, पोरीने बरं केलं, किती टेंगळं सोसली मी तिथे."

मला रडू फुटलं, पण मनावरचा धोंडा उतरला. दोन वर्षं मी खुळ्यासारखी एका उपासावर रुसून बसले होते.

हात धुवायला उठले. माजघराच्या दाराशी आले आणि माझी मान आपोआप खाली गेली. मी जेमतेम पाच फूट. वाढपी हसला.

"ते उंच काकाही इथे असेच वाकायचे, मॅडम. दर गुरुवारी यायचे, बटाटवडा खायला."