डोक्यात पाणी साठले नव्हते

डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली आणि तमिळमध्ये विचारले, "अय्या, मध्यंतरी कुठे पडलात का? डोकं आपटलं का?"

"नाही," मी म्हणालो.

फिल्मवर माझ्या डोक्याचा आडवा काप दिसत होता. डाव्या बाजूला, कवटीच्या आतून, कोयत्याच्या पात्यासारखा एक बाकदार करडा पट्टा. डॉक्टर म्हणाले, "याला क्रॉनिक सबड्युरल हेमाटोमा म्हणतात." माझे तोंड पाहून मग सोपे करून सांगितले. मेंदूवर आवरण असते. डोक्याला मार बसला की त्याच्या आतल्या अंगाची एखादी बारीक शीर तुटते आणि रक्त झिरपत राहते. म्हाताऱ्याचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, आत जागा असते, म्हणून कित्येक दिवस काही कळत नाही. जागा भरली की ते रक्त मेंदूला दाबू लागते. मेंदूची डावी बाजू उजवे अंग चालवते. दाब डावीकडे, म्हणून माझा उजवा हात आणि पाय लुळा पडत चालला होता. त्यात मी हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतो. ती गोळी रक्त पातळ ठेवते, मग गळती लवकर थांबत नाही.

माझी बायको जानकी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, मार्गळीत रोज पहाटे थंड पाण्यानं डोक्यावरून नाहायला मीच ह्यांना लावलं. त्यानंच झालं ना?"

"अम्मा, नाहाण्याचं पाणी कवटीच्या आत जात नाही. हे रक्त आहे." डॉक्टर परत माझ्याकडे वळले. "नीट आठवा, अय्या. पडला नसाल तर रक्त आपोआप का आलं ते शोधावं लागेल. शिरांचा वेगळा स्कॅन, रक्ताच्या आणखी तपासण्या. ऑपरेशन तेवढं लांबेल, आणि हात आणखी जाईल."

मी आठवल्यासारखे केले आणि पुन्हा नाही म्हणालो.

मी शाळेत फार गेलो नाही. मराठी अक्षरे आजोबांनी शिकवली, बाकीचे बाजाराने. आपल्या तंजावरकडच्या मराठी लोकांत अजून गाडी चालवणारे, अजून कामाला जाणारे म्हातारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिहिताना मान खाली जाते, पण लिहितो.

माझा धंदा विड्याच्या पानांचा. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या पानमळ्यांतून पाने उचलायची, मोपेडवर बांधायची आणि तिरुवलंचुळीवरून कुंभकोणमच्या बाजारात आणायची. सूर्य वर यायच्या आत माझे पान दुकानात, हा माझा मान. मार्गळी, म्हणजे आपला धनुर्मास, लागला की आमच्याकडे थंडी बेताचीच पडते, पण दंव आणि धुके असे उतरते की पुढचे चाक दिसते आणि त्यापुढे काही नाही. तरी मी वेळ बदलली नाही.

पाने ओल्या गोणपाटात बांधलेली. एक गाठोडे पुढे, एक मागे. पुढच्याने दिवा अर्धा झाकला जायचा, मागच्याने तांबडा दिवा सगळाच. कानाला मफलर घट्ट, म्हणजे हॉर्न ऐकू येणार नाही. मफलरवर हेल्मेट बसेना, म्हणून ते पोलिसांना दाखवायला हँडलला टांगलेले.

माझी मुलगी सुमती म्हणायची, "अप्पा, हेल्मेट गाडीनं घालायचं नसतं."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी या रस्त्यावर आहे," मी म्हणायचो.

धनुर्मासात आमच्याकडे बायका पहाटे उठून दारापुढे शेणाचा सडा घालतात आणि रांगोळी काढतात. या महिन्यात ती मोठी काढायची, म्हणून अंगण संपले की रस्त्यावर येते. त्या पहाटे तिरुवलंचुळीला धुक्यातून एकदम माझ्यापुढे एक तरुण बाई आली. रस्त्यावर वाकलेली, हातात रांगोळीच्या पिठाची वाटी. मी ब्रेक दाबला, चाक ओल्या सड्यावर गेले आणि मी घसरत जाऊन तिच्या घराच्या पायरीवर आपटलो. डोके मफलरात होते. रक्त नाही, खोक नाही.

ती धावत आली आणि आजोबांना मारतात तशी हाक मारली. "ताता, डोकं आपटलंय तुमचं. बसा, पाणी आणते. दवाखान्यात जाऊ या."

"रस्ता काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलाय?" मी ओरडलो. गाठोडी बांधली आणि निघालो. पाने वेळेवर पोचली. घरी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात डोके दुखू लागले. शेजारच्या मामी म्हणाल्या, "दंवाचा महिना, त्यात थंड पाणी. डोक्यात पाणी साठलं असणार." थंडीत डोके दुखले की आमच्या गावात प्रत्येक जण हेच सांगतो. सुंठ उगाळून कपाळाला लेप झाला, वाफारा झाला.

जानकीचा चेहरा उतरला. दोघांनी मिळून धनुर्मास करावा, पहाटे नाहून देवळात जावे, ही तिची हौस. इतकी वर्षे मी टाळत आलो आणि त्या वर्षी कधी नव्हे तो हो म्हणालो होतो. पाने उतरवून आलो की ती बादली भरून तयार असायची. मी तेव्हाच सांगायला हवे होते की पाणी नव्हे, पायरी. मी काय म्हणालो? "घे आता. पुण्य तुला, डोकेदुखी मला."

तिने दुसऱ्या दिवसापासून देवळात जाणे सोडले. लग्न झाल्यापासून तिचा एक धनुर्मास चुकला नव्हता. माझ्या उशाशी बसून लेप लावताना पुटपुटायची, "माझी बुद्धी फिरली." मी डोळे मिटून पडायचो.

धनुर्मास संपला, संक्रांतीचे पोंगल झाले, डोके दुखायचे थांबेना. मग मोजणी चुकू लागली. पानांची कवुळी म्हणजे शंभराची चळत, ती मी गप्पा मारत, न बघता मोजत असे. एक दुकानदार म्हणाला, "अय्या, पानं कमी भरतात. वय झालं म्हणून सूट घेता काय?" मी त्याच्याशी कडाक्याचा भांडलो. पाने खरेच कमी होती. मग उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि मला कळायचे नाही. शेवटी कॉफीचा पेला हातातून सुटला. सुमतीने ते पाहिले, मला विचारलेसुद्धा नाही, ऑटो बोलावली. तिचे उपकार कसे फेडू?

दवाखान्यात मला खाट दिली. उजव्या हाताची मूठ सकाळी वळत होती, दुपारी अर्धीच वळली. शिरांच्या स्कॅनची वाट पाहायची होती. दाराबाहेर बाकावर जानकी कोणा दुसऱ्या रुग्णाच्या आईशी बोलत होती. "डॉक्टर चांगले आहेत हो, मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणाले. हे पडले नाहीत, झडले नाहीत. मग दुसरं काय असणार? माझाच हट्ट नडला."

डॉक्टरांनी तिला सोडवले होते. माझ्या 'नाही'ने तिला पुन्हा अडकवले होते.

मी तिला हाक मारली. जीभ जड झाली होती, तरी सगळे सांगितले. सडा, पायरी, हँडलला टांगलेले हेल्मेट.

ती खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "लेप लावताना डोळे मिटून पडायचात, ते दुखत होतं म्हणून की माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणालो.

ती उठली आणि आधी डॉक्टरांकडे गेली. परत येऊन म्हणाली, "आज संध्याकाळीच करतो म्हणाले." माझी चादर नीट केली. मग विचारले, "ती रांगोळी घालणारी पोर? तिला तर लागलं नाही ना?"

मला माहीत नव्हते. मी बघितलेच नव्हते.

ऑपरेशनला बर होल म्हणतात. कवटीला दोन लहान भोके पाडून साठलेले रक्त बाहेर काढतात आणि उरलेले निघावे म्हणून बारीक नळी ठेवतात. रक्त गाडीच्या जुन्या ऑइलसारखे काळपट निघाले म्हणे. डॉक्टर म्हणाले, "पडलात त्या आठवड्यात आला असतात तर हात पूर्ण वाचला असता, अय्या." पाय सुधारला, जीभ मोकळी झाली. उजवा अंगठा आणि तर्जनी बधिर राहिली. पान त्याच बोटांनी मोजतात.

घरी आल्यावर सुमतीला घेऊन तिरुवलंचुळीला जाऊन आलो. त्या पोरीला काही झाले नव्हते. ती मला म्हणाली, "ताता, तुम्ही जिवंत आहात होय! मी रोज वाट बघायची, गाडी दिसते का म्हणून." मी हात जोडले.

आता पाने उन्हे आल्यावर ऑटोतून येतात. उशिरा आलेले पानही हिरवेच असते, हे मला या वयात कळले. थंडीत गाडीवर निघत असाल तर धुके विरेपर्यंत थांबा. ओझे दिव्यांच्या खाली बांधा. कान उघडे ठेवा, डोक्यावर हेल्मेट असू द्या. आणि पडलात, तर घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगा. मार लहान वाटला तरी सांगा.

यंदा धनुर्मास लागला तेव्हा मी जानकीला म्हणालो, "चल, देवळात जाऊ."

"नको," ती म्हणाली. "सगळं कळतं हो मला. तरी उचललेला तांब्या तसाच खाली ठेवते मी."

तेव्हा मी डॉक्टरांना विचारून घेतले आणि दुसऱ्या पहाटे तिच्यासमोर डोक्यावरून नाहलो. ती दारात उभी राहून बघत होती. बाहेर आलो तशी पंचा घेऊन माझे डोके पुसू लागली. पुसता पुसता तिची बोटे भोकांच्या खळग्यांवर थांबली.

"दुखतं?"

नाही म्हणणे अगदी ओठांवर आले होते.

"थोडं," मी म्हणालो. "थंडीत थोडं दुखतं."