ताकेकोची धाकटी बहीण

हिवाळ्यात वाइकाटो नदीवरून धुकं उठतं आणि पार दुपार होईपर्यंत न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनवर रेंगाळतं. अशाच एका शनिवारी लेकीला, सिद्धीला, नेटबॉलला सोडून नीता घरी निघाली होती. रस्त्यात एका जुन्या हॉलच्या खिडकीतून काहीतरी लांब, फिकट, गोल फिरताना दिसलं. तिने गाडी बाजूला घेतली.

नीता पुण्याहून इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. दुधाच्या कंपनीतल्या लॅबमध्ये नमुने तपासायची. नवरा गुरुदत्त इंजिनिअर. सगळं सुरळीत होतं, पण मागच्या उन्हाळ्यात तिचा उजवा स्तन काढावा लागला. आजार गेला, असं डॉक्टर म्हणाले. हात मात्र खांद्याच्या वर जाईना. केस बांधायलासुद्धा सिद्धीला हाक मारावी लागे. सिद्धी यायची, बांधायची. "डन, आई," म्हणून निघून जायची.

हॉलमध्ये एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची जपानी बाई अनवाणी उभी होती. तिच्या हातात माणसापेक्षा उंच दांडा होता, टोकाला बांबूचं वाकडं पातं.

"किया ओरा," तिने इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. "आत या, गारठाल."

तिचं नाव हारुए. शस्त्राचं नाव नागिनाता. जपानात पूर्वी सामुराई घरातल्या मुली हे शिकायच्या. नीताने आपला हात दाखवला. हारुए म्हणाली, "खालचे वार पुष्कळ आहेत. तिथून सुरुवात करू."

नीता दर शनिवारी जाऊ लागली, हारुएला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणू लागली. सराव संपला की दोघी पायरीवर चहा घेत बसायच्या. हारुए जपानातल्या ऐझूची. दीडशे वर्षांपूर्वी तिच्या गावच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा बायकांना लढायची परवानगी नव्हती. तरी काही जणींनी केस कापले, नागिनाता उचलल्या आणि बंदुकांसमोर गेल्या. पुढे होती नाकानो ताकेको, जेमतेम विशीतली. तिला छातीत गोळी लागली. शत्रूने शिर मिरवू नये म्हणून धाकट्या बहिणीने ते कापून घेतलं. मग ते एका देवळात झाडाखाली पुरलं, असं सांगतात.

"आणि ती धाकटी?" नीताने विचारलं.

"यूको. ती जगली. लग्न झालं, म्हातारी झाली."

"तिच्याबद्दल काय सांगतात?"

"फारसं नाही." हारुएने कप पायरीवर ठेवला. "पुतळा ताकेकोचा आहे."

त्यानंतर नीताला पहाटे पहाटे स्वप्न पडू लागलं. धुक्यातून ती पळते आहे. भातखाचरं मधेच कुरणं होतात, गाई मान वर करून बघतात, तारेचं कुंपण आपोआप बाजूला सरतं. छातीशी एक गाठोडं असतं, उबदार. त्यात काय आहे ते तिला माहीत असतं, पण भीती वाटत नाही. फक्त देऊळ काही केल्या येत नाही.

"त्रास होत असेल तर क्लास बंद कर ना," गुरुदत्त म्हणाला.

"त्रास नाही रे होत," ती म्हणाली.

वसंतात शहरातल्या जपानी बागेत छोटं प्रात्यक्षिक ठरलं. शेवटचा वार डोक्यावरून होता, आणि हारुएने तो नीताला दिला.

"सेन्सेई, माझा हात जात नाही."

"हाताला वर नेऊच नका. दांडा मागून फिरवा, तो स्वतः वर येतो. तुम्ही फक्त त्याच्यासोबत जा."

त्या सकाळी तळ्यावर धुकं होतं. नीताने दांडा फिरवला. काखेत काहीतरी ओढल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि पातं तिच्या डोक्यावर, पांढऱ्या हवेत स्थिर झालं. आजूबाजूचे लोक विरघळल्यासारखे वाटले. मग तिने वार खाली आणला. मागून सिद्धीचा आवाज आला, "आई! स्वीट ॲज! एकदम भारी!"

दुसऱ्या पहाटे देऊळ आलं. झाडाखाली माती आधीच उकरलेली होती. तिने गाठोडं ठेवलं, मातीवर हात फिरवला आणि तिथेच थोडा वेळ बसली. ते स्वप्न पुन्हा पडलं नाही. त्याची तिला चुटपुटही लागली.

हारुए पुढच्या वर्षी भावाकडे ऐझूला गेली ती तिकडेच राहिली. हॉलची किल्ली आता नीताकडे असते. थंडीत हात अजून सुजतो, काही शनिवारी वर जातच नाही. तेव्हा ती खालचे वार शिकवते.

परवा तासाभरावरच्या पुकेकोहेहून आनंदी नावाची एक बाई एवढी गाडी चालवत आली आणि दारातच घुटमळली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"मला जमेल का हो?" तिने विचारलं. "सोबत काय काय आणायला लागतं?"

"काही नाही," नीता म्हणाली. "मोजे तेवढे काढा. जमीन जरा गार आहे."